कोरडे सोळा दिवस

पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात गारठा पडणार हे घड्याळजीला ठाऊक असायचं. आज दुपारपर्यंत कपडे वाळतील का, हे मात्र तो बायकोला विचारायचा. यात त्याला काहीच गमतीचं वाटत नसे. "आजचं काय, खिडकीतून डोकं बाहेर काढलं की कळतं," तो म्हणायचा. "लांबचं सांगायला गणित लागतं."

त्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. आत एक माणूस बसू शकायचा आणि दुसरा उभा राहू शकायचा, तोही पोट आत घेऊन. भिंतीवर सदतीस घड्याळं होती आणि ती सगळी एकच वेळ दाखवायची. याचा त्याला एवढा अभिमान होता की एखादं अर्ध्या मिनिटाने मागे पडलं तरी तो स्टुलावर चढायचा. टेबलाच्या खालच्या खणात स्क्रू, चिमटे, काचा आणि पट्टे. वरच्या खणात ग्रहांची पुस्तकं. गिऱ्हाईक आलं की वरचा खण बंद व्हायचा, गिऱ्हाईक वळलं की उघडायचा.

ही विद्या त्याला भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांनी दिली. मास्तर खिशातलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले आणि ते दुरुस्त झाल्यावरही सहा वर्षं येतच राहिले. वर्षात चार वेळा सूर्य एक रेषा ओलांडतो आणि नवा ऋतू लागतो. नेमक्या त्या क्षणाची आकाशाची कुंडली मांडायची. तेव्हा जो ग्रह बरोबर पायाखाली, म्हणजे चौथ्या घरात असेल, त्याच्या स्वभावाने पुढचे तीन महिने चालतात. मंगळ असेल तर कोरडं आणि तापट, शनी असेल तर थंड आणि कुंद, बुध असेल तर वारा. चंद्र किंवा शुक्र असेल तर पाणीच पाणी. मग चंद्राच्या रोजच्या चालीवरून तारखा काढायच्या. हे खरं की खोटं, ते आपण सध्या बाजूला ठेवू. घड्याळजीने ते कधीच बाजूला ठेवलं नव्हतं.

मास्तर गेल्यावर तो दरवर्षी सोळा पानांची एक पुस्तिका काढू लागला, 'वर्षाचं हवामान'. गल्लीतला छापखानेवाला ती छापायचा आणि लोक ती स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवायचे. अंदाज बरोबर निघाला की लोक गप्प. चुकला की चुकलेलं पान घडी घालून थेट दुकानात. त्याने स्वतः एक वही ठेवली होती. त्यात बरोबर आलेले अंदाज लाल शाईने लिहिलेले होते आणि चुकलेले पेन्सिलने, पुढेमागे खोडायला सोपं जावं म्हणून.

सगळं जग हसलं असतं तरी त्याने ते झटकून टाकलं असतं. पण त्याचा धाकटा भाऊ हसायचा, आणि ते त्याला लागायचं. धाकटा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. व्हॉल्व्ह फिरवला की पाणी येतं, बंद केला की थांबतं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. सव्वातीन वर्षांपूर्वी घड्याळजीने एका आठवड्यात मोठं वादळ सांगितलं होतं. बहिणीने बिचारीने घाबरून खालच्या खोलीतलं सगळं सामान माळ्यावर चढवलं. आठवडाभर झाडाचं पान हललं नाही. शेवटच्या दिवशी बहिणीकडे सगळे जेवायला जमले असताना धाकटा उठला, त्याने खोलीच्या मध्यभागी छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि म्हणाला, "वाढा आता, मला भीती नाही." बहीण हसली, मेहुणे हसले, घड्याळजीची बायकोसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. घड्याळजीने हातातला घास ताटात ठेवला, चपला घातल्या आणि तो निघून गेला.

त्यानंतर तीन वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे धाकटा बोलायला आला, एकदा नाही, चारदा. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसायचा. शेवटी धाकट्यानेही हात टेकले.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी धाकटा पाचव्यांदा दुकानात आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"दादा, घराचं छप्पर काढायचंय," तो म्हणाला. "पत्रे गंजलेत, वाशांना वाळवी लागलीय. सगळं उघडावं लागेल. मला सोळा दिवस कोरडे हवेत. तू सांग, कधी काढू."

घड्याळजीने भिंग काढलं. आपण नीट ऐकलं का, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. हा, छत्रीवाला, आपल्याला तारखा विचारतोय. त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि पुन्हा काढलं.

"तीन दिवसांनी ये," तो म्हणाला. इतकंच. पण त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत आला आणि बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

त्याने एवढं कसून गणित उभ्या आयुष्यात केलं नसेल. ऋतूची कुंडली पुन्हा मांडली. मंगळ बरोबर पायाखाली, खणखणीत कोरडा. चंद्राच्या वाटेत कुठेही पाणी नाही. तो महिना तसा बेभरवशाचा. पाऊस यायलाच हवा असं नाही, येणार नाही असंही नाही. पण मंगळ तिथे ठाण मांडून बसल्यावर काय बिशाद. त्याने चांगल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: चार तारखेपासून एकोणीसपर्यंत, एक थेंब नाही. धाकट्याने कागद वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि "बरं दादा" म्हणून गेला. कुठलीही थट्टा केली नाही. तेव्हापासून दोघांचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं.

चार तारखेला छप्पर निघालं, आणि घड्याळजीची झोप उडाली. भावाच्या घराकडे फिरकायचाही त्याला धीर होईना.

गणितावर त्याचा विश्वास होता, पूर्ण होता. पण आतापर्यंत तो चुकला तर कुणाची वाळत घातलेली गादी भिजायची, फार तर सहलीचा विचका व्हायचा. इथे सख्ख्या भावाचं घर आभाळाखाली उघडं पडलं होतं. घरात भावजय, दोन पुतण्या, पुतण्यांची पुस्तकं, शिवणयंत्र. तो दिवसातून पाच-सहा वेळा दुकान उघडं टाकून रस्त्यावर यायचा आणि वर बघायचा. लोकांना वाटलं, कुठे आग लागली आहे. संध्याकाळी घरी आल्यावर गच्ची. चहा गच्चीवर, वर्तमानपत्र गच्चीवर. "आता अंथरूणही वरच घालते," बायको म्हणाली. तीस वर्षं आकाशाचे अंदाज सांगणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आकाशाकडे बघत होता.

म्हणूनच ते त्याला दिसलं.

नऊ तारखेची संध्याकाळ होती. दिवस नुकताच मावळला होता, वर अर्धा चंद्र होता आणि शेजारी गुरू. पुस्तकाप्रमाणे आज संध्याकाळी चंद्र गुरूला अगदी खेटून असायला हवा होता. तो नव्हता. गुरूला मागे टाकून तो पुढे निघून गेला होता. घड्याळजीने हात लांब करून मोजलं. तीन बोटं. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. तीन बोटं म्हणजे अर्ध्या दिवसाची चाल. चंद्र काही घाईत नव्हता. चुकलं होतं ते पुस्तक, किंवा पुस्तक वाचणारा.

तो जिना उतरला तो दोन-दोन पायऱ्यांनी. त्याची जुनी ग्रहस्थितीची पुस्तकं, मास्तरांनी दिलेली, मागच्या वर्षी संपली होती. या वर्षासाठी त्याने दुसऱ्या प्रकाशकाचं नवं पुस्तक आणलं होतं. कोष्टकं तशीच, आकडे तसेच, कागद उलट जास्त चांगला. प्रस्तावना त्याने वाचली नव्हती. कोण वाचतं? आता वाचली. तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: सर्व स्थिती मध्यरात्रीच्या आहेत.

मास्तरांच्या पुस्तकात त्या दुपारच्या असायच्या. दुपारी बाराच्या.

तो जेवणाच्या टेबलाशी बसला. ज्या माणसाची सदतीस घड्याळं अर्ध्या मिनिटाने चुकत नाहीत, त्याने अख्खं वर्ष बारा तासांनी चुकवलं होतं. सूर्य रेषा ओलांडतो ती वेळच चुकीची, म्हणून कुंडली उलटी. दुपारी बाराला जे डोक्यावर असतं ते रात्री बाराला पायाखाली असतं, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. त्याने नवी कुंडली मांडली. मंगळ पायाखालून उठून डोक्यावर जाऊन बसला. पायाखाली आला शुक्र, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून चंद्र. पाणी आणि पाणी. त्याने तारखा काढल्या. अकरा, बारा, तेरा, जोरदार. चौदाला उघडीप.

आज नऊ होती. नवे पत्रे बसणार होते चौदानंतर.

"सांगून टाका," बायको ताटावर झाकण ठेवत म्हणाली. तिला कुंडलीतलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडावरचं कळत होतं. "आत्ता फोन करा. ताडपत्र्या घालतील, झालं."

"काय सांगू? की दुपार आणि मध्यरात्र यात मला फरक कळला नाही?"

"मग ते तरी सांगा."

"तुला कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला मानलंय. पहिल्यांदा!"

"आणि भिजल्यावर जास्त मानेल?" बायको म्हणाली आणि आत गेली. ती बाई कधीकधी फार बरोबर बोलायची, म्हणूनच घरात भांडणं व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घड्याळजी एका जागी बसला नाही. दुकान उघडलं, एका हातघड्याळाचं झाकण काढलं, केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरली आणि ती तुटली. तीस वर्षांत त्याच्या हातून स्प्रिंग तुटली नव्हती. तो उठला आणि भावाच्या घराकडे निघाला. पूल ओलांडला, औषधांच्या दुकानापर्यंत गेला आणि परत फिरला. दुकानात येऊन त्याने फोन लावला.

"हां दादा," पलीकडून धाकटा म्हणाला. मागे ठोकाठोकी ऐकू येत होती.

"काय, कसं चाललंय?"

"मजेत. वासे बसतायत. तुझं?"

"माझं काय. ठीक." आणि त्याने फोन ठेवून दिला. मग स्वतःलाच एक शिवी हासडली. दारात उभी असलेली एक बाई घड्याळ न देताच निघून गेली.

पुन्हा निघाला. या वेळी औषधांच्या दुकानाच्या पुढे, कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत पोचला. तिथून भावाची गल्ली दिसायची. सगळ्या घरांना छपरं होती, एकाच घरावर नुसते वासे, आणि वाशांवर तीन माणसं बसून हातोडे मारत होती. त्यातला एक धाकटा होता. रजा काढून तो स्वतः वर चढला होता. तो काहीतरी बोलला आणि बाकीचे दोघे मोठ्याने हसले. उद्या हे सगळे माझ्यावर हसतील, त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, किती नीच आहे मी, भावाच्या डोक्यावर छप्पर नाही आणि मला माझ्या अब्रूची पडलीय. हे वाटूनही तो परत फिरला. लाज माणसाला धाडस देतेच असं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडे ढग दिसले. फार नव्हते. एरवी कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. पण घड्याळजीने दुकानाला कुलूप घातलं, म्हणजे घातलं असं त्याला वाटलं. कुलूप त्याच्या हातातच राहिलं होतं. पूल, औषधांचं दुकान, शाळा. तो धावत नव्हता, पण चालतही नव्हता. छप्पन्न वर्षांच्या माणसाने असं जायचं नसतं. धाप लागली तशी त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

भावाच्या घराचं दार उघडंच होतं. आत शिरल्यावर त्याला आधी काही सुधरलंच नाही. आत बाहेरच्यासारखा उजेड होता. भिंतींवर कधी न पडलेलं ऊन पडलं होतं आणि जिथे कपाट होतं तिथला रंग वेगळाच, गडद दिसत होता. वर वासे आणि त्यांच्यामधून आभाळ. मिस्त्री खाली चौकटीला रंधा मारत होता. धाकटा शिडीवर होता.

"उतर!" घड्याळजी ओरडला. "उतर खाली, सामान हलव! उद्या पाऊस आहे. तीन दिवस आहे, जोरदार!"

धाकटा शिडीवरूनच वळला. "अरे दादा, आधी बस तरी."

"बसायला वेळ नाही! माझं चुकलंय. सगळंच चुकलंय. पुस्तकात मध्यरात्रीचं होतं, मी दुपारचं धरलं. मंगळ नाहीच तिथे, शुक्र आहे. मी तुला चुकीच्या तारखा दिल्या, कळतंय का? माझ्यामुळे तुझं घर..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

तेव्हा त्याचं खोलीकडे लक्ष गेलं. ती रिकामी होती. पलंग नाही, कपाट नाही, शिवणयंत्र नाही. स्वयंपाकघरात भांडंसुद्धा नाही. कोपऱ्यात चार नव्या कोऱ्या ताडपत्र्या घडी करून ठेवल्या होत्या. पाचवी, सर्वांत मोठी, भिंतीच्या वरच्या कडेला गुंडाळून बांधलेली होती. तिच्या चारही टोकांना दोऱ्या होत्या. ओढली की दोन मिनिटांत अख्खं घर झाकलं जाईल अशी ती सगळी तयारी होती.

"हे कधी केलंस?"

"तीन तारखेला. छप्पर काढायच्या आदल्या दिवशी. सामान शेजारी ठेवलंय, बायको आणि पोरी बहिणीकडे आहेत."

घड्याळजी ताडपत्रीकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान तापले.

"म्हणजे तुझा विश्वास नव्हताच."

"नव्हता," धाकटा म्हणाला. त्याने ते थट्टेने म्हटलं नाही. "कधीच नव्हता, दादा. तुला माहितेय."

"मग माझ्या तारखांना कशाला उघडलंस?"

उत्तर दिलं ते मिस्त्रीने, कारण मिस्त्री लोकांना गप्प बसणं जमत नाही. "मी तेच म्हणतोय केव्हाचा," तो रंधा खाली ठेवत म्हणाला. "मी यांना म्हटलं, साहेब, हा महिना सोडा, दगा देतो. पुढच्या महिन्यात डोळे मिटून काढा छप्पर. हे ऐकायलाच तयार नाहीत! माझी माणसं दुसरीकडे लागली होती, ती मला तोडून आणावी लागली. म्हणे, चार तारीख म्हणजे चार तारीख."

"तुम्ही जरा चहा घेऊन या," धाकटा त्याला म्हणाला. मिस्त्री कुरकुरत बाहेर गेला.

धाकटा शिडी उतरला. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता आणि तो खूप थकलेला दिसत होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला, भावाच्या शेजारी, पण त्याच्याकडे न बघता.

"चार वेळा आलो होतो मी तुझ्याकडे," तो म्हणाला. "माफी मागायला. तू मान वर केली नाहीस. मग म्हटलं, याच्याशी बोलायचं कशावर? तुला दुसरं काही आवडतच नाही. म्हणून तारखा विचारल्या."

"आणि पुढच्या महिन्यात छप्पर काढलं असतंस तर?"

"तर तुझा कागद मी खोटा पाडला असता. मग तू पुन्हा तीन वर्षं आला नसतास."

घड्याळजीने ताडपत्रीची लोंबणारी दोरी हातात घेतली. भावाने आपल्यासाठी घर उघडं टाकलं होतं. विश्वास नसताना, मिस्त्रीशी भांडून, बायकोपोरींना हलवून. आणि आपण आज सकाळपासून औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन परत फिरत होतो.

"आलो असतो रे," तो म्हणाला.

दोघांनाही ठाऊक होतं, तो आला नसता.

वाऱ्याची एक झुळूक वरून थेट खोलीत उतरली आणि भुसा उडाला. धाकट्याने वर पाहिलं, घड्याळजीनेही पाहिलं. ढग जवळ आले होते, पण ते पावसाचे होते की नुसतेच, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

"ताडपत्री घालून ठेवू का आजच?" धाकट्याने विचारलं. "तू म्हणत असशील तर."

"माझं विचारू नकोस," घड्याळजी म्हणाला. त्याने चपला काढल्या, शिडी दोन्ही हातांनी धरली आणि चढायला लागला. तिसऱ्या पायरीवर तो थांबला, तेव्हा खालून धाकट्याने त्याच्या पाठीला हात लावला.

"सांभाळून, दादा."

"तू शिडी धर," घड्याळजी म्हणाला. "सोडू नकोस."